तक्रार नसलेले रविवार

दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "तक्रार बोला."

पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा माझ्या एका हातात पत्र्याची पेटी होती आणि दुसऱ्या हातात कॉलेज प्रवेशाचे कागद. मी दाराबाहेर गोंधळून उभा राहिलो. माझी कशाबद्दलच तक्रार नव्हती. मला खोली हवी होती.

"तक्रार नाही," मी म्हणालो. "विहारातल्या काकांनी पाठवलंय. खोलीसाठी."

"मग बाहेर उभं राहून काय मिळणार? आत ये."

आत पलंगावर एक बाई बसल्या होत्या. पंचावन्नच्या आसपास. डावा पाय लोखंडी पट्ट्यांच्या कॅलिपरमध्ये, शेजारी भिंतीला टेकवलेली एक लाकडी कुबडी, मांडीवर लांबट वही. माझं नाव, गाव, कॉलेज, शाखा, वडील काय करतात, मी घोरतो का, हे सगळं त्यांनी एका दमात विचारलं आणि लिहून घेतलं. वडील मोंढ्यात हमाल आहेत हे सांगताना माझा आवाज थोडा खाली गेला असावा. त्यांनी "मोठ्याने" एवढंच म्हटलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी लिहिलं. बोलता बोलता मी त्यांना "मावशी" म्हणालो तेव्हा मात्र पेन थांबलं.

"तुझ्या आईला मी पाहिलेलं नाही. मावशी कशी झाले?"

तेव्हापासून मी त्यांना ताई म्हणायला लागलो. येरवड्यातली आमची सगळी गल्लीच म्हणायची.

ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर होत्या. ज्यांचा फोन बंद पडे ते शेजाऱ्याच्या फोनवरून त्यांना कळवत. बत्तीस वर्षं त्या कानाला हेडफोन लावून न दिसणाऱ्या माणसांशी न दिसणाऱ्या यंत्रांबद्दल बोलत आल्या होत्या. मी पुण्यात आलो तेव्हा शहरात मोबाइल नुकते दिसायला लागले होते, हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि ताईंच्या टेबलाच्या जागी कॉम्प्युटर येणार असं ऑफिसात बोललं जात होतं. ताई म्हणायच्या, "येऊ दे. त्याला विचारायला शिकवा म्हणजे झालं."

विचारणं हा त्यांचा धर्म होता. "‘फोन खराब आहे’ ही तक्रार नाही, ते मत आहे," असं त्या म्हणायच्या. "तक्रार म्हणजे काय होतं, कधी होतं, आणि कधी होत नाही."

यातला शेवटचा प्रश्न लोकांना आवडत नसे. सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांची गोष्ट त्यांनी मला निदान चारदा सांगितली असेल. त्यांचा फोन रोज दुपारी बंद पडायचा. तीन वेळा लाइनमन जाऊन आला, तिन्ही वेळा फोन चांगला. गृहस्थ चिडलेले. ताईंनी विचारलं, "कधी बंद असतो?"

"एक ते चार."

"एक ते चार आपण काय करता?"

"हा काय प्रश्न आहे?"

"तक्रार आपली आहे ना? मग आहे."

"झोपतो."

"कशावर?"

मग उत्तर आलं, "आरामखुर्चीवर."

खुर्चीचा मागचा पाय फोनच्या वायरवर येत होता. लाइनमनने बेल वाजवली की गृहस्थ दार उघडायला उठत, आणि फोन चालू होई. गोष्ट संपल्यावर ताई दरवेळी तेच वाक्य म्हणायच्या, "तपासणारा आला की दोष उठून दार उघडायला जातो."

मला ही गोष्ट गमतीची वाटायची. तिचा उपयोग काय, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

घरातही हाच कारभार. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला एक तक्रारवही टांगलेली असे. नळ, गॅस, रेडिओ, माझ्या खोलीचा पंखा, सगळ्यांची त्यात नोंद. दिनांक, वेळ, ठिकाण, काय झालं, शेरा. पहिल्या आठवड्यात मी म्हणालो, "ताई, नळाला पाणी येईना." तर वही माझ्याकडे सरकवून त्या भाकरी थापायला वळल्या. मी लिहिलं, ‘पाणी येत नाही’. त्यांनी वाचून विचारलं, "थेंबही नाही, का करंगळीएवढं? आवाज येतो का? शेजारी येतं का?" मी बाहेर जाऊन बघून आलो आणि पुन्हा लिहिलं. तेवढ्यात पाणी आलं.

वहीतली एक गोष्ट मला वेडेपणाची वाटायची. ज्या दिवशी काहीच बिघडलं नाही, त्या दिवसाचीही त्या नोंद करायच्या. ‘तक्रार नाही.’ खाली सही. कधी कधी पानंच्या पानं तेवढंच.

आता ताईंच्या गाडीबद्दल. ती तीन चाकांची मोटारसायकल होती. पुढे एक चाक, मागे एका दांड्यावर दोन. गिअर पायाऐवजी हाताने टाकायचा एक लांब लोखंडी दांडा डाव्या बाजूला होता, कारण डाव्या पायाने ते जमणारं नव्हतं. पायाचा ब्रेक उजवीकडे, तो मागच्या दोन्ही चाकांना लागायचा. पुढच्या चाकाला हाताचा ब्रेक. उजव्या बाजूला सीटखाली दोन लोखंडी कड्या होत्या, त्यांत कुबडी आडवी ठेवायची, रबर पुढे, काखेकडचं टोक मागे. अपंगांसाठी लोक स्कूटरला बाजूची चाकं लावून घेतात, मग तुम्ही मोटारसायकल का घेतली, असं मी एकदा विचारलं.

"स्कूटरवर बसलेल्या बाईला लोक हॉर्न देतात," त्या म्हणाल्या. "हिच्यावर बसलं की बाजूला होतात."

ते खरं होतं. गाडीचा आवाज पर्णकुटीच्या चौकातून आमच्या गल्लीपर्यंत यायचा.

रविवारी सकाळी त्या भाजीला मंडईत जायच्या, आणि पिशव्या धरायला मी मागे बसायचो. दोघं बसलो की कुबडीचं मागचं टोक माझ्या पोटरीत रुतायचं. म्हणून निघताना त्या ती काढून माझ्या हातात द्यायच्या. "उभी धर. लोकांना दिसली पाहिजे." मग मी ती छातीशी उभी धरून अख्ख्या पुण्यातून जायचो, मिरवणुकीत निशाण धरावं तसा. एकदा सिग्नलला माझ्या वर्गातली तीन मुलं दिसली. मी मान खाली घातली. ताईंनी आरशात बघितलं असावं, कारण पुढच्या चौकात त्या म्हणाल्या, "मान खाली घातलीस तरी कुबडी वरच आहे."

मंडईत त्या गाडीवरून उतरत नसत. गाडी कडेला लावायच्या, आणि भाजीवाल्या तिथे यायच्या.

"ताई, मेथी घ्या, ताजी आहे."

"ताजी हे तुझं मत. उपटली कधी?"

"काल संध्याकाळी."

"आता बोललीस."

भाजीवाल्या हसायच्या, पण ताईंशी खोटं बोलताना मी एकीलाही पाहिलं नाही. खोटं बोललेलं त्यांना आवाजावरून कळायचं. हे मला फार जवळून माहीत आहे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना गाडीचं ब्रेकचं पेडल तुटलं. त्याला आधी दोनदा वेल्डिंग झालेलं होतं. त्या मॉडेलची गाडी कंपनीने बनवायची कधीच बंद केली होती, नवी चकचकीत मॉडेल्स आली होती आणि जुन्यांचे पार्ट कुणी ठेवत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या उस्तादांनी नाना पेठेतून बाहेरचं पेडल आणलं. दुसऱ्याच कुठल्या गाडीसाठी केलेलं, थोडं लांब, आणि पाय ठेवायची पट्टी चांगली तळहाताएवढी रुंद. उस्तादांनी ते ठोकून, वाकवून बसवलं. ताईंना आवडलं. पाय घसरत नाही म्हणाल्या.

चार दिवसांनी वहीत पहिली नोंद आली. ‘सकाळी साडेनऊ. पर्णकुटीहून पुलाकडे उतरताना. पाय कापसावर ठेवल्यासारखा. ब्रेक अर्धा लागला.’

त्यानंतर अशा नोंदी येतच राहिल्या. रोज नाही, पण बऱ्याचदा, आणि बहुतेक उतारावर. उस्तादांनी तीन वेळा गाडी नेली, स्वतः उतारावर चालवून आणली. ब्रेक उत्तम. लायनर बदलले, दांडी आवळली, स्प्रिंग नवी घातली. तिसऱ्या वेळी ते चहाचा कप हातात घेऊन हळूच म्हणाले, "ताई, गाडी एकदम ओके आहे. पाय थकला असेल. वय पण होतं ना."

ताईंनी चहा संपवला. मग म्हणाल्या, "पाय तुम्ही तपासला का?"

"तो कसा तपासणार, ताई?"

"मग त्याचं नाव घेऊ नका."

पण त्या रात्री त्यांनी एक ओळ जास्त लिहिली, ती मी सकाळी वाचली. ‘उजव्या पायाबद्दल शंका. खात्री नाही.’ ती ओळ मी दोनदा वाचली. त्यांना एकच पाय चांगला होता.

गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पुढे चालवायची तर आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग करून घ्यायला हवं होतं. ताईंचे धाकटे भाऊ बँकेत होते, सहकारनगरला राहायचे. ते दर शनिवारी यायचे, आणि त्या शनिवारी त्यांनी विषय काढलाच.

"बास झालं आता. गाडी भंगारात दे. माझ्याकडे चल. खोली रंगवून ठेवली आहे."

"कुठला रंग?"

"पिस्ता."

"मग तर प्रश्नच मिटला," ताई म्हणाल्या.

भाऊ हसले नाहीत. "विनोद करू नकोस. ब्रेक लागत नाही अशा गाडीवर तू रोज पूल ओलांडतेस. ऑफिसला रिक्षा लावून देतो. संध्याकाळी घरी माणसं असतील. वाईट काय आहे यात?"

वाईट काहीच नव्हतं. भाऊ मनापासून बोलत होते. ते गेल्यावर ताई बराच वेळ कॅलिपरचे पट्टे उगाच काढत-घालत बसल्या. मग मला म्हणाल्या, "पंधरा वर्षांत मला ‘कुठे चाललीस’ असं कुणी विचारलेलं नाही. तिथे रोज विचारतील. प्रेमाने विचारतील." पट्टा घट्ट ओढून त्या पुढे म्हणाल्या, "पासिंगच्या आधी ही तक्रार बंद झाली नाही, तर गाडी मी नेणार नाही. ब्रेकबद्दल खोटं बोलून सही घ्यायची नाही. मग पिस्ता तर पिस्ता."

पासिंगला तीन आठवडे होते. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. मी म्हणालो, "ताई, मी बघतो."

इथे मला जे सांगायचं आहे ते सोपं नाही. माझ्या वर्गात कारखानदारांची मुलं होती, प्राध्यापकांची मुलं होती. त्यांना काही आलं नाही की ती बिनधास्त सांगत, "सर, नाही माहीत." मला ते कधीच जमलं नाही. मला वाटायचं, मी एकदा ‘माहीत नाही’ म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणेल, मग तू इथे आलासच कशाला. म्हणून मी पाठ करायचो, आणि जे पाठ नसेल तिथे मान हलवायचो.

ताईंच्या गाडीशेजारीही मी तेच केलं. दोन दिवस खपलो. पेडलची लांबी मोजली, त्यावर पडणारा जोर वहीत गणित करून काढला, आकृती काढली. गणिताप्रमाणे ब्रेक पूर्वीपेक्षा चांगला लागायला हवा होता. मी दांडी आणखी दोन आटे आवळली, पेडलच्या सांध्याला ग्रीस दिलं, गाडी अंगणात पुढेमागे केली. ब्रेक दगडासारखा लागत होता. बिघाड काय होता ते मला कळलेलं नव्हतं. तरी ताईंनी विचारलं, "झालं?" आणि मी म्हणालो, "झालं."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर जास्तच बघितलं. मग वही पुढे केली. मी शेऱ्यात लिहिलं, ‘दुरुस्त केले.’ सही केली.

सोमवारी सकाळी पर्णकुटीच्या उतारावर ब्रेक कापसासारखा झाला. पुढे बस थांबलेली होती. ताईंनी हाताचा ब्रेक दाबून गाडी फुटपाथच्या कडेला घासत थांबवली. मागच्या उजव्या चाकाचा पत्रा चेपला. त्यांना काही लागलं नाही. तिथून त्या तशाच ऑफिसला गेल्या, पूर्ण ड्यूटी केली, आणि संध्याकाळी घरी येऊन वहीत लिहिलं, ‘तक्रार पुन्हा. आधीचा शेरा चुकीचा.’

एवढंच. मला जेवायला वाढलं. मी पहिला घास ताटातच ठेवला.

"ताई," मी म्हणालो, "मला कळलंच नव्हतं काय बिघडलंय. मी उगाच झालं म्हणालो."

"माहीत आहे. आवाजावरून कळलं होतं."

"मग गाडी का नेलीत?"

"कारण तू सही केलीस," त्या म्हणाल्या. "सहीवर मी विश्वास ठेवते. आवाजावर ठेवायला हवा होता." त्यांनी माझ्या ताटात भाकरी टाकली. "आता म्हण."

"काय?"

"तेच. नीट, मोठ्याने."

"मला माहीत नाही."

"हां. आता सुरुवात झाली. जेव."

त्या रात्री मी तक्रारवही खोलीत नेली आणि पेडल बसवल्यापासूनचं प्रत्येक पान वाचलं. जिथे ब्रेक गेला तिथे पेन्सिलने खूण करत गेलो. दोन महिन्यांच्या आठ आठवड्यांत एकवीस खुणा झाल्या. त्या बघून काही सुचेना. मग मला शेवटचा प्रश्न आठवला. कधी होत नाही?

मी कोरे दिवस बघायला लागलो, ज्यांना मी वेडेपणा म्हणत होतो ते. ‘तक्रार नाही. तक्रार नाही.’ आणि तारखांवरून वार काढले तेव्हा लक्षात आलं की रविवार कोरे आहेत.

सकाळी मी हे सांगितलं तेव्हा ताई वेणी घालत होत्या. मी माझा तर्कही सांगितला. रविवारी रस्त्यावर गर्दी कमी, ब्रेक कमी वापरला जातो, म्हणून तापत नाही.

"तर्क बरा आहे. सगळे रविवार कोरे आहेत?"

मी पुन्हा पानं उलटली. आठांतल्या एका रविवारी तक्रार होती. त्याच उतारावर, सकाळी आठला, रस्ता मोकळा असताना.

"मग गर्दी नाही," मी म्हणालो.

"गर्दी नाही. त्या रविवारी काय वेगळं होतं?"

"त्या रविवारी मी गावाला गेलो होतो. तुम्ही एकट्याच मंडईत गेलात."

"म्हणजे बाकीच्या रविवारी काय वेगळं असतं?"

"मी असतो."

"तू असतोस," ताई म्हणाल्या. वेणी अर्धीच राहिली होती. "वजनाने फरक पडेल?"

"वजनाने ब्रेक कमी लागेल, ताई, जास्त नाही. उलटं व्हायला हवं."

"मग मागे बसून तू करतोस काय?"

"काहीच नाही. पिशव्या असतात. जाताना तर त्याही रिकाम्या. नुसता बसतो आणि..."

मी थांबलो. ताईही थांबल्या. दोघांनीही एकाच वेळी भिंतीकडे बघितलं. तिथे कुबडी टेकवलेली होती.

आम्ही अंगणात आलो. मी कुबडी कड्यांमध्ये सरकवली, रबर पुढे, रोजच्यासारखी. पेडल आणि रबर यांच्यात वीतभर अंतर होतं. मग कुबडी हाताने पुढे ढकलली, गाडी उतारावर असती तर सरकली असती तशी. रबर जाऊन नव्या पेडलच्या त्या रुंद पट्टीखाली बसलं, अगदी मापाने केल्यासारखं. मी गुडघ्यावर बसलो आणि पेडल हाताने दाबलं. ते अर्ध्यावर मऊ होऊन थांबलं.

"कापूस," मी म्हणालो.

ताई वाकून बघत होत्या. जुनं पेडल आखूड होतं. तेव्हाही कुबडी सरकत असणार, पण रबर नुसतं मोकळ्या हवेत यायचं. उतार संपून गाडी पुलाचा चढ चढली की कुबडी आपोआप मागे जायची. आणि कुठेही पोचल्यावर उतरताना ताई सगळ्यात आधी काय करत असतील, तर कुबडी काढून काखेत घेत. म्हणजे दोष तिथून त्यांच्याच हाताने उचलला जात होता. उस्ताद गाडी न्यायचे तेव्हा कुबडी घरात. मी अंगणात तपासली तेव्हा कुबडी घरात. रविवारी ती माझ्या छातीशी.

"आरामखुर्ची," ताई हळूच म्हणाल्या. "बत्तीस वर्षं लोकांना विचारलं, फोनच्या आजूबाजूला काय आहे. स्वतःला नाही विचारलं." त्यांनी उजवा पाय उचलून पेडलवर ठेवला, दाबला, पुन्हा दाबला. "म्हणजे हा ठीक आहे."

"एकदम ठीक आहे, ताई."

त्यांनी पदराने सीट पुसली, ती स्वच्छच होती.

मला लगेच उस्तादांकडे पळायचं होतं. ताईंनी थांबवलं. "दोष मुद्दाम परत आणता आला पाहिजे. नाहीतर तो सापडला असं म्हणता येत नाही." म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, रस्ता रिकामा असताना, ताई पहिल्या गिअरमध्ये उतारावरून निघाल्या आणि मी उजव्या बाजूने गाडीसोबत पळालो, कमरेत वाकून, डोळे पेडलवर. त्यांनी ब्रेक थोडा लावला आणि कुबडी सरकली. काळं रबर उंदराने बिळातून तोंड काढावं तसं पट्टीखाली शिरताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ताईंनी हाताच्या ब्रेकने गाडी थांबवली. फिरायला निघालेले एक आजोबा काठी टेकून आमच्याकडे बघत राहिले.

"काय झालं हो?" त्यांनी विचारलं.

"सापडलं," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या फेरीत कुबडी सुतळीने बांधली. ब्रेक दगडासारखा. तिसऱ्यात पुन्हा सोडली. कापूस. चौथ्यात बांधली. दगड. मला धाप लागली होती आणि मी आयुष्यात इतका आनंदी कधी नव्हतो. बारावीचा निकाल लागला तेव्हाही नाही, कारण तेव्हा मला भीती वाटली होती.

उस्तादांनी सगळं ऐकलं, खाली बसून स्वतः कुबडी सरकवून बघितली आणि मान खाजवली. "मी गाडी बघितली, ताई. कुबडी थोडीच गाडीची आहे."

"आहे," ताई म्हणाल्या. "आजपासून आहे."

मी रात्री बसून कुबडीसाठी स्प्रिंगचा खटका काढला होता, तीन बाजूंनी आकृती, मापं वगैरे. उस्तादांनी कागद आदराने बघितला, बाजूला ठेवला आणि पुढच्या कडीला पत्र्याचं बूड वेल्ड करून टाकलं. दहा मिनिटं. कुबडी आता पुढे जाऊच शकत नव्हती. चेपलेला पत्राही त्यांनी सरळ करून दिला.

संध्याकाळी ताईंनी वही माझ्यापुढे ठेवली. शेऱ्याचा रकाना. मी पेन हातात घेतलं आणि या वेळी घाई केली नाही. लिहिलं, ‘कारण सापडले. कडीला बूड लावले. आठ दिवस रोज उतारावर पाहून मग तक्रार बंद करावी. तोपर्यंत मला खात्रीने माहीत नाही.’ ताईंनी वाचलं, चष्मा काढला, आणि शेजारी सही केली. माझ्या सहीशेजारी त्यांची सही त्या वहीत पहिल्यांदाच आली.

आठ दिवस कोरे गेले.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. परवा हिंजवडीतली एक कंपनी कॉलेजात मुलाखती घ्यायला आली होती. त्यांनी प्रोग्रॅममधल्या एका चुकीबद्दल विचारलं, तिचं कारण काय असेल. माझ्या तोंडून सरळ निघालं, "मला माहीत नाही. पण ती कधी होत नाही, ते सांगाल का?" समोरच्या बाईंनी हातातली फाइल खाली ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. निकालानंतर कंपनीची बस मला रोज पर्णकुटीच्या चौकातून घेणार आहे.

तेव्हा पासिंगच्या दिवशी मात्र मी ताईंबरोबर नव्हतो. माझी वर्कशॉपची तोंडी परीक्षा होती. भाऊ गेले होते त्यांच्यासोबत, रिक्षाने मागून. तिथे काय झालं ते मला भावानेच नंतर सांगितलं, आधी चिडून आणि मग हसू दाबत.

मैदानावर इन्स्पेक्टर म्हणाले, "बाई, कुबडी इथे ठेवा आणि एक चक्कर मारून दाखवा."

"कुबडी गाडीतच असते."

"चाचणी गाडीची आहे."

"म्हणूनच," ताई म्हणाल्या.

त्यांनी चक्कर मारली, पांढऱ्या रेघेवर गाडी उभी केली. इन्स्पेक्टर कागदावर सही करायला लागले, तर ताई म्हणाल्या, "इथे सपाट आहे. सपाटीवर ही आधीही थांबायची. फाटकाकडे उतार आहे, तिथे बघा." भावाने कपाळावर हात मारून घेतला. पास होत असलेल्या गाडीची पुन्हा परीक्षा मागणारं माणूस त्या मैदानावर आधी कुणी आलं नसावं. इन्स्पेक्टर मुकाट्याने उतारापर्यंत चालत गेले. ताई वरून आल्या, ब्रेक लावला, गाडी जागच्या जागी उभी. इन्स्पेक्टरांनी वाकून कडीचं बूड बघितलं, बोटाने वाजवलं. "हे कुणाचं डोकं?"

"डोकं उस्तादांचं. दोष शोधला माझ्या भाडेकरूने. आज त्याची परीक्षा आहे, नाहीतर आणला असता."

परत निघताना भावाने विचारलं, "मग आता खोलीचं काय करू?"

"रंग बदल," ताई म्हणाल्या, आणि गाडी सुरू केली. गाडीच्या आवाजात पुढचं त्यांना ऐकू आलं नाही, असं भाऊ म्हणाले.

पण हे सगळं मला संध्याकाळी कळलं. त्या दुपारी मी परीक्षा देऊन घरी धावत आलो तर घर रिकामं होतं. मी हातपाय धुतले. पाणी प्यायलो. तक्रारवही उघडून त्या दिवसाच्या कोऱ्या ओळीकडे बघत बसलो. एक वाजला, दीड वाजला. मी उठून फोनची वायर कशाखाली दबली नाही ना, ते बघून आलो.

पावणेदोनला फोन वाजला. मी उचलला, आणि ‘हॅलो’ म्हणायला तोंड उघडलं, पण बाहेर भलतंच आलं.

"तक्रार बोला."

पलीकडे रस्त्याचा आवाज होता. टेलिफोन बूथचं दार लागल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं. पलीकडे ताई होत्या. बत्तीस वर्षांत ते वाक्य त्यांना कुणी म्हटलं नसणार.

"तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "नोंद कर."